विजेला अडवणारी माती

वीजवाहिनीची तार उघडी असते आणि खांब जमिनीत रोवलेला असतो. तारेतली वीज खांबात उतरू न देता तार खांबावर तोलून धरणारा भाग म्हणजे इन्सुलेटर. त्याला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. एक यांत्रिक: तारेचे वजन, वाऱ्याचा झोत, वळणावरचा ताण हे सगळे सोसायचे. दुसरे विद्युत: हजारो व्होल्टचा दाब अडवायचा, तोही कोरड्या उन्हात, मुसळधार पावसात आणि धूळ-दव यांच्या थराखाली. यातले एक काम जमले आणि दुसरे फसले, तर वाहिनी बंद पडते. गेली शंभराहून अधिक वर्षे ही दोन्ही कामे प्रामुख्याने चिनी माती करत आली आहे.

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातील कटंगीच्या परिसरात इन्सुलेटरचे बहुतेक प्रकार पाहायला मिळतात. भाताच्या बांधांवरून जाणाऱ्या ११ केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) वाहिन्यांवर पिन इन्सुलेटर असतात. खांबाच्या आडव्या पट्टीवर पोलादी पिन उभी असते, तिच्यावर घंटेच्या आकाराचा तपकिरी नग बसवलेला असतो आणि त्याच्या माथ्यावरच्या खाचेत तार बांधलेली असते. वाहिनी जिथे वळते किंवा संपते तिथे तारेचा पूर्ण ओढा खांबावर येतो. तो पिनला पेलत नाही, म्हणून तिथे थाळीसारखे डिस्क इन्सुलेटर आडवे ओवतात. गावातल्या कमी दाबाच्या तारांना रिळासारखे शॅकल इन्सुलेटर लागतात. खांबाला दिलेल्या ताणाच्या तारेत अंड्याच्या आकाराचा स्टे इन्सुलेटर असतो. वरची तार तुटून ताणावर पडली, तरी माणसाच्या हाताला लागणाऱ्या खालच्या भागात वीज येऊ नये, हे त्याचे काम. म्हणूनच तो जमिनीपासून तीन मीटरहून अधिक उंचीवर बसवतात. उपकेंद्रात पोस्ट इन्सुलेटर आणि ट्रान्सफॉर्मरची पोकळ बुशिंगे दिसतात. गोंदिया–बालाघाट रेल्वेमार्गावर २५ केव्हीची ओव्हरहेड तार धरणाऱ्या कंसांवर भरीव गाभ्याचे लांबट इन्सुलेटर असतात.

बाहेरून चालेल, आतून नाही

इन्सुलेटर दोन तऱ्हांनी हार मानतो. पहिली तऱ्हा बाहेरची. दाब फार वाढला की नगाच्या पृष्ठभागाभोवतीची हवा फुटते, ठिणगी उडते आणि वीज हवेतून खांबाकडे जाते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. वाहिनी क्षणभर ट्रिप होते आणि पुन्हा सुरू करता येते. नगाचे बहुधा काही बिघडत नाही. दुसरी तऱ्हा आतली. वीज चिनी मातीला भोक पाडून वरच्या धातूच्या टोपीतून थेट खालच्या पिनेत शिरते. याला पंक्चर म्हणतात. पंक्चर झालेला नग कायमचा निकामी होतो, पण खालून पाहणाऱ्याला तो अगदी धडधाकट दिसतो.

चांगल्या इन्सुलेटरची रचना म्हणूनच अशी करतात की कोणत्याही प्रसंगी ठिणगी बाहेरूनच जावी. चांगली चिनी माती दर मिलिमीटरला सुमारे २० केव्ही दाब सोसते, हवा मात्र सुमारे ३ केव्हीला फुटते. ११ केव्हीच्या वाहिन्यांवर आणि उच्चदाबाच्या माळांत वापरल्या जाणाऱ्या २५५ मिमी व्यासाच्या थाळीचे आकडे पाहिले की हे स्पष्ट होते. ही थाळी कोरड्या हवेत ७० केव्हीच्या आसपास आणि पावसात ४० केव्हीच्या आसपास दाब सोसेल अशी हमी दिली जाते. पंक्चरचा दाब मात्र ११० केव्हीच्या खाली असून चालत नाही. दोहोंमधले हे अंतर राखण्यासाठी माती एकजीव असावी लागते. तिच्यात हवेचा बुडबुडा, केसाएवढी भेग किंवा अर्धकच्चा ठिपका राहिला, तर पंक्चरचा दाब कोसळतो. कारखान्यातली जवळजवळ प्रत्येक क्रिया आणि चाचणीघरातली जवळजवळ प्रत्येक चाचणी या आतल्या दोषाविरुद्ध आखलेली आहे.

थोडा इतिहास

तारायंत्राच्या काळात काच आणि दगडी भांड्यांची माती यांच्यावर भागत असे. दाब वाढू लागला तशी ओली पेस्ट वापरून केलेली घट्ट चिनी माती पुढे आली. अमेरिकेत फ्रेड लॉक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उच्चदाबाच्या चिनी मातीच्या नगांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. पिन इन्सुलेटर मात्र साधारण ३३ केव्हीपर्यंतच सोयीचा ठरतो. त्यापुढे नग इतका मोठा आणि जड होतो की घडवणे, भाजणे आणि पिनेवर तोलणे तिन्ही अवघड होते. १९०७ मध्ये ह्यूलेट आणि बक या अमेरिकी अभियंत्यांनी थाळ्या एकाखाली एक टांगण्याची कल्पना मांडली आणि ही मर्यादा संपली. दाब वाढला की माळेत एक थाळी वाढवायची, एवढेच उरले. आज ३३ केव्हीला साधारण ३, १३२ केव्हीला ९, २२० केव्हीला १४ आणि ४०० केव्हीला २३ थाळ्यांची माळ लागते.

भारतात १९०२ मध्ये शिवनसमुद्राच्या जलविद्युत केंद्रातून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत सुमारे १४७ किलोमीटर लांब वाहिनी गेली. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. त्या काळची विद्युत सामग्री बहुतांशी परदेशातून येई. म्हैसूर संस्थानाने बंगळूरला काढलेला पोर्सेलिनचा सरकारी कारखाना देशी उत्पादनातला महत्त्वाचा टप्पा ठरला. तोच पुढे भेलच्या इलेक्ट्रो-पोर्सेलिन विभागात गेला. उत्तर प्रदेशातील जगदीशपूर, राजस्थानातील आबू रोड, गुजरातेतील हालोल आणि बंगालमधील रिश्रा ही या धंद्याची पुढची ठिकाणे. माती, फेल्स्पार आणि इंधन वाजवी दरात जिथे मिळते तिथे हा धंदा रुजला. कटंगी हे त्याच्या ग्राहकांचे गाव आहे, उत्पादकांचे नाही. मात्र या नगांच्या तपकिरी रंगाशी या परिसराच्या भूगर्भाचे नाते आहे. ते पुढे येईल.

तीन खनिजे

इन्सुलेटरच्या मातीत तीन घटक असतात आणि तिघांची कामे वेगळी असतात. निम्म्याच्या आसपास वाटा मातीचा: चिनी माती म्हणजे केओलिन आणि तिच्या जोडीला अधिक चिकट बॉल क्ले. ओल्या अवस्थेत आकार धरून ठेवण्याचे काम यांचे. पाव वाटा किंवा थोडा अधिक फेल्स्पारचा. भट्टीत तो वितळतो, कणांमधल्या फटी भरतो आणि थंड झाल्यावर काच होऊन सगळे सांधतो. उरलेला वाटा क्वार्ट्झचा. तो सांगाड्यासारखा उभा राहतो आणि भाजताना नगाला बसू देत नाही.

क्वार्ट्झमध्ये एक खोड आहे. ५७३ अंश सेल्सियसला त्याची स्फटिकरचना बदलते आणि आकारमान एकदम घटते-वाढते. थंड होताना क्वार्ट्झचा दाणा आक्रसला की भोवतीच्या काचेत सूक्ष्म भेगा पडतात आणि ताकद कमी होते. त्यामुळे जास्त ताकदीच्या नगांत क्वार्ट्झऐवजी ॲल्युमिना घालतात. आंतरराष्ट्रीय प्रमाणकात यांचे वर्ग ठरलेले आहेत. ग्लेझ केलेल्या क्वार्ट्झ-पोर्सेलिनची वाकवण्याविरुद्धची किमान ताकद ६० मेगापास्कल, ॲल्युमिना-पोर्सेलिनची ११० आणि उच्च-ताकदीच्या ॲल्युमिना-पोर्सेलिनची १६०. महाग ॲल्युमिना कुठे आणि किती घालायचा, हा त्यामुळे नगावर येणाऱ्या भाराचा प्रश्न असतो. गावातल्या शॅकलला साधी माती पुरते, रेल्वेच्या कंसाला किंवा ४०० केव्हीच्या पोस्टला ती पुरत नाही.

चिखलापासून नगापर्यंत

कच्चा माल वजन करून बॉल मिलमध्ये पडतो. हा फिरता पोलादी ढोल असतो. त्याला आतून दगडी किंवा ॲल्युमिनाचे अस्तर असते, कारण लोखंडाचा कण मातीत मिसळणे परवडत नाही. गोट्यांच्या माऱ्याखाली खनिजे पाण्याबरोबर तासन्‌तास दळली जातात. बाहेर येतो तो पातळ चिखल, म्हणजे स्लिप. ती बारीक जाळीतून गाळतात आणि चुंबकावरून वाहू देतात. चुंबकाला चिकटलेली काळी भुकटी दर पाळीला धुऊन काढावी लागते. एवढ्याशा लोहकणाचा भट्टीत काळा ठिपका होतो आणि तो ठिपका विजेला वाट दाखवतो.

पुढे फिल्टर प्रेस. ओळीने लावलेल्या कापडी पडद्यांत स्लिप दाबाने भरली की पाणी गळून जाते आणि चकत्या उरतात. त्यांत शेकडा २० ते २२ पाणी असते. चकत्या काही दिवस मुरवतात, म्हणजे ओल सारखी पसरते आणि माती लवचिक होते. मग त्या पगमिलमध्ये जातात. पगमिल मातीच्या चिंध्या करते, निर्वात कोठडीतून नेते आणि मळसूत्राच्या रेट्याने तोंडातून मातीचा जाडजूड दंडगोल, म्हणजे पग, बाहेर ढकलते. निर्वात कोठडी हे या यंत्राचे मर्म. इथे हवा निघाली नाही, तर पुढे ती निघत नाही. रेट्याने निघणाऱ्या मातीत मळसूत्राचा पीळ राहतो. तो नीट मिटला नाही, तर वाळताना इंग्रजी एस अक्षरासारखी भेग उमटते. पगच्या गाभ्याचा काप काढून पाहण्याची रीत त्यासाठीच आहे.

आकार देण्याच्या पद्धती नगाप्रमाणे बदलतात. थाळी आणि पिन यांच्यासाठी पगचा गोळा प्लास्टरच्या साच्यात ठेवतात आणि वरून फिरता तापलेला ठसा दाबतात. प्लास्टर पाणी शोषते, नग साच्यापासून सुटतो. थाळीच्या खालच्या बाजूच्या गोल कडा याच टप्प्यात उठतात. त्या शोभेच्या नसतात. वीज पृष्ठभागावरून सरपटत जाताना तिला लांबचा रस्ता पडावा आणि त्यातला काही भाग पावसातही कोरडा राहावा, म्हणून त्या असतात. या रस्त्याच्या लांबीला धंद्यात क्रीपेज म्हणतात. पोस्ट आणि बुशिंग यांसारखे मोठे नग साच्यात होत नाहीत. पगचा दंडगोल कातडीसारखा घट्ट होईपर्यंत सुकवतात, लेथवर उभा लावतात आणि टेम्प्लेट पाहून किंवा संगणकाच्या आज्ञेने त्याचे पदर कातून काढतात. काही कारखाने स्लिपची फवारणी करून तिची भुकटी करतात आणि सर्व बाजूंनी सारखा दाब देऊन कोरडाच ठोकळा घडवतात. त्याने वाळवण्याचा वेळ वाचतो.

वाळवणे हा सगळ्यात संयमाचा टप्पा आहे. बाहेरचा थर आधी सुकून आक्रसला आणि गाभा ओला राहिला, तर नग तडकतो. म्हणून सुरुवातीला खोलीतली हवा दमट ठेवतात, मग हळूहळू उष्णता वाढवून दमटपणा कमी करतात. थाळीला थोडे दिवस पुरतात, मोठ्या बुशिंगला कित्येक आठवडे लागू शकतात. वाळताना आणि भाजताना मिळून नगाची लांबी शेकडा १० ते १५ किंवा त्याहूनही अधिक घटते. तयार नगाची मापे मिलिमीटरमध्ये बांधलेली असतात, म्हणून साचा ही घट आधीच धरून मोठा करावा लागतो.

तपकिरी ग्लेझ

वाळलेला नग ग्लेझमध्ये बुडवतात किंवा त्यावर ग्लेझ फवारतात. ग्लेझ म्हणजे भट्टीत वितळून काच होणारा पातळ थर. त्याची जाडी मिलिमीटरच्या तीन-चार दशांशांच्या आसपास असते. तो गुळगुळीत असतो, त्यामुळे धूळ कमी चिकटते आणि पावसाने सहज धुऊन जाते. पण त्याचे मोठे काम ताकदीचे आहे. ग्लेझ थंड होताना खालच्या मातीपेक्षा कमी आक्रसेल अशी त्याची कृती ठरवतात. मग माती त्याला कायमची आवळून धरते. चिनी माती ओढीला कच्ची असते, पण दाबाला खंबीर. तिची दाब सोसण्याची ताकद ओढीच्या जवळपास दहापट असते. पृष्ठभाग असा आवळलेला राहिला की तिथल्या बारीक भेगा उघडत नाहीत आणि पूर्ण नगाची ताकद वाढते. कृती उलटी झाली आणि ग्लेझ अधिक आक्रसला, तर त्यावर जाळीदार तडे जातात आणि नग आधीहून दुबळा होतो.

रंगाचा विजेशी संबंध नाही. पांढरा, राखाडी किंवा तपकिरी नग सारखेच काम करतात. भारतात तपकिरी रूढ झाला. लोह, मँगनीज आणि क्रोमियम यांच्या ऑक्साइडांच्या मिश्रणातून तो येतो. कटंगीजवळच्या तिरोडीला मँगनीजची खाण आहे. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथेही खाणी आहेत. १९६२ मध्ये स्थापन झालेली, नागपूरला मुख्यालय असलेली मॉइल ही सरकारी कंपनी त्या चालवते. मँगनीजचा फार मोठा भाग पोलाद आणि मिश्रधातूंना जातो, डायऑक्साइड प्रतीचे खनिज कोरड्या बॅटरीला लागते आणि मातीकामाच्या ग्लेझला त्यातला अगदी थोडा अंश पुरतो. ज्या धातूमुळे हा टापू नकाशावर आला, त्याचाच ऑक्साइड खांबाखांबावरच्या नगाला रंग देतो.

ग्लेझ लावताना थाळीच्या डोक्याचा एक पट्टा वेगळा ठेवतात. तिथे भाजलेल्या मातीची बारीक खडी चिकटवतात. पुढे सिमेंटला पकड मिळावी म्हणून हा खरखरीत पट्टा लागतो.

भट्टी

थाळ्यांसारखा एकसारखा माल बोगदा-भट्टीतून जातो. चाकांच्या गाड्यांवर नग रचतात आणि गाडी एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने निघते. मोठे नग शटल भट्टीत भाजतात. तिथे गाडी स्थिर राहते आणि तापमान वर-खाली केले जाते. सुमारे ४५० ते ६०० अंशांत मातीतले रासायनिक पाणी निघून जाते. पुढे सेंद्रिय कार्बन जळून जायला भरपूर हवा देतात. साधारण हजार अंशांनंतर हवा कमी करून वातावरण ऑक्सिजनविरहित ठेवतात, म्हणजे लोह पिवळसर अवस्थेतून बदलते आणि माती पांढरी होते. फेल्स्पार वितळू लागतो, फटी भरतात आणि मातीतून म्युलाइट या खनिजाचे सुईसारखे स्फटिक वाढतात. काचेत विणलेल्या या सुयांमुळेच पोर्सेलिन पोर्सेलिन ठरते. कमाल तापमान मातीच्या जातीनुसार सुमारे १२०० ते १३०० अंश असते.

उतार चढाइतकाच नाजूक. ५७३ अंशांजवळ क्वार्ट्झ पालटतो, म्हणून त्या टप्प्यात थंड करण्याचा वेग जाणूनबुजून कमी ठेवतात. थाळीच्या भट्टीची एक फेरी साधारण दोन-तीन दिवसांची, मोठ्या नगाची त्याहून बरीच लांब. कमी भाजलेला नग दिसायला देखणा असतो, पण आत सच्छिद्र राहतो. जास्त भाजलेला नग वाकतो आणि आत बुडबुडे धरतो. दोन्ही चुका डोळ्यांना नेहमी दिसत नाहीत.

टोपी, पिन आणि सिमेंट

भाजलेली थाळी अजून इन्सुलेटर झालेली नसते. तिच्या डोक्यावर जस्ताचा मुलामा दिलेली ओतीव लोखंडाची टोपी आणि पोटात घडीव पोलादाची पिन सिमेंटने बसवतात. डोक्याचा आकार असा ठेवतात की पिन खाली ओढली, तरी माती टोपी आणि पिन यांच्यामध्ये दाबली जाईल. ओढीला कच्च्या मातीवर दाबाचाच भार यावा, ही सगळी युक्ती. धातू, सिमेंट आणि पोर्सेलिन तापल्यावर वेगवेगळे फुगतात. त्यांच्यात थोडी सवड राहावी म्हणून सांध्यांवर डांबराचा पातळ थर देतात. सिमेंट वाफेत पिकवतात. सिमेंट ओल पिऊन वर्षानुवर्षे फुगत राहिले, तर डोके आतून फुटते. म्हणून सिमेंटच्या प्रसरणाचीही वेगळी परीक्षा असते. एका थाळीची पिन दुसरीच्या टोपीत बसते आणि ती निसटू नये म्हणून सेफ्टी क्लिप लावतात. पिनेचा गोळा आणि टोपीची खाच गेजने तपासतात: एक गेज बसलाच पाहिजे, दुसरा बसताच कामा नये.

चाचणीघर

भारतीय प्रमाणक ७३१ आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणक ६०३८३ यांत चाचण्यांचे तीन गट आहेत. पहिला गट प्रत्येक नगासाठी, दुसरा प्रत्येक लॉटमधल्या नमुन्यांसाठी, तिसरा एका रचनेसाठी एकदाच.

प्रत्येक नगाची सुरुवात डोळ्यांनी होते. रंगाची छटा, वाकडेपणा, ग्लेझचे डाग पाहिले जातात. डाग अजिबात नकोत असे प्रमाणक म्हणत नाही, ते हद्द घालते. २५५ मिमी व्यास आणि २९२ मिमी क्रीपेजच्या थाळीवर ग्लेझ नसलेल्या सगळ्या जागा मिळून साधारण १३७ चौरस मिमीपर्यंत आणि एकेक जागा साधारण ५३ चौरस मिमीपर्यंत चालते. नंतर प्रत्येक थाळी ओढून पाहतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ठरलेल्या मोडभाराच्या किमान निम्मा भार तीन सेकंद द्यावा लागतो. ७० किलोन्यूटनच्या थाळीला म्हणजे ३५ किलोन्यूटन, सुमारे साडेतीन टनांचे वजन. मग विद्युत चाचणी. थाळ्या ओळीने मांडून दाब इतका वाढवतात की प्रत्येकीभोवती ठिणग्या सतत उडत राहाव्यात. ही आतषबाजी काही मिनिटे चालू ठेवतात. ज्या थाळीभोवती ठिणग्या अचानक थांबतात ती पंक्चर झालेली असते, कारण विजेला आतून वाट मिळालेली असते. आतला दोष इथे पहिल्यांदा स्वतःहून कळतो.

लॉटच्या चाचण्या नग नष्ट करणाऱ्या आहेत. आंतरराष्ट्रीय नियमात ३०० ते २००० नगांच्या लॉटमधून नमुन्यांचे दोन संच काढतात, एक ४ नगांचा आणि दुसरा ३ नगांचा. त्यांना आधी उष्णता-चक्र देतात. एकमेकांहून ७० अंश अंतर असलेल्या गरम आणि थंड पाण्याच्या टाक्यांत नग तीनदा आलटून-पालटून बुडवतात. एका टाकीतून दुसरीत न्यायला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लावायचा नाही. ज्याला उन्हाळ्यानंतरचा पहिला पाऊस सोसायचा आहे, त्याची ही तालीम. त्यानंतर थाळी यंत्रात अडकवून तिच्यावर विजेचा दाब ठेवतात आणि ती मोडेपर्यंत ओढत जातात. नग तुटायच्या आधी विजेने फुटला, तरी तोच भार मोडभार धरतात. या चाचणीत केवळ सरासरी पाहून चालत नाही. नमुन्यांच्या आकड्यांचा विखुरलेपणा जितका जास्त, तितकी सरासरीही अधिक उंच असावी लागते. ७० किलोन्यूटनची एक थाळी ९० ला आणि दुसरी ७१ ला मोडली, तर दोन्ही हद्दीच्या वर असूनही अशा कारखान्याच्या भट्टीवर संशय घेतात.

पंक्चरची चाचणी तेलात होते. हवेत बाहेरची ठिणगी आधी उडते आणि मातीची परीक्षा होत नाही. थाळी इन्सुलेटिंग तेलात बुडवली की ठिणगीला वाट राहत नाही आणि सगळा दाब मातीच्या जाडीवर येतो. ठरलेल्या दाबापर्यंत तिने टिकलेच पाहिजे.

सच्छिद्रतेची चाचणी दिसायला सर्वांत साधी. मोडलेल्या नगाचे तुकडे फुक्सिन या गडद गुलाबी रंगाच्या स्पिरिटमधल्या द्रावणात टाकतात आणि किमान १५ मेगापास्कल दाबाखाली ठेवतात. तास आणि मेगापास्कल यांचा गुणाकार १८० भरला पाहिजे. १५ मेगापास्कलला म्हणजे १२ तास. मग तुकडे धुतात, सुकवतात आणि हातोडीने पुन्हा फोडतात. ताज्या तुटलेल्या पांढऱ्या पृष्ठभागावर गुलाबी रंग शिरलेला दिसला, तर लॉट नापास. कमी भाजल्याचा पुरावा यापेक्षा स्पष्ट मिळत नाही.

जस्ताचा थर, क्लिपची पकड आणि मापे यांच्याही नमुना-चाचण्या आहेत. एक नग नापास झाला, तर दुप्पट नमुन्यांवर फेरचाचणी. त्यातही नापास झाला, तर लॉट परत.

तिसऱ्या गटात वीज-पाऊस-प्रदूषण यांची नक्कल होते. आकाशातल्या विजेचा आघात कृत्रिम आवेगाने देतात. तो १.२ मायक्रोसेकंदात शिखरावर पोचतो आणि ५० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येतो. ११ केव्हीच्या नगाने ७५ केव्ही, ३३ केव्हीच्या नगाने १७० केव्ही आणि १३२ केव्हीच्या माळेने ६५० केव्हीचा आवेग सोसावा लागतो. ओल्या चाचणीत मिनिटाला १ ते २ मिमी पाऊस तिरपा पाडतात, पाण्याची विद्युतवाहकताही ठरलेली असते आणि नगाने एक मिनिट दाब सोसला पाहिजे. ११ केव्हीच्या नगाला हा दाब ३५ केव्ही, ३३ केव्हीच्या नगाला ७५ केव्ही. थाळ्यांना आणखी एक कठीण परीक्षा आहे. मोडभाराच्या सुमारे ६० टक्के भार लटकवून चोवीस तासांची चार चक्रे देतात, प्रत्येकात उणे ३० अंशांपासून अधिक ४० अंशांपर्यंत. प्रदूषणाच्या चाचणीत नगावर केओलिन आणि मीठ यांचा लेप देऊन धुक्यात दाब वाढवतात. ज्या मातीने नग घडला तीच इथे त्याची धूळ होते.

भारतात अशा चाचण्यांचे प्रमुख केंद्र म्हणजे १९६० मध्ये स्थापन झालेली बंगळूरची केंद्रीय विद्युत अनुसंधान संस्था. तिचे भोपाळला स्विचगियरचे चाचणी केंद्र आणि हैदराबादला अति-उच्चदाबाची प्रयोगशाळा आहे.

खांबावर आल्यानंतर

कटंगीचा उन्हाळा ४५ अंशांच्या आसपास जातो. दुपारभर तापलेल्या नगावर जूनमधला पहिला पाऊस कोसळला की आधीच जखमी असलेली माती तडकते. शेजारच्या महाराष्ट्रातील वीज वितरण कंपनी महावितरणची मान्सूनपूर्व पत्रके वीज जाण्याच्या कारणांत याचा आवर्जून उल्लेख करतात. राज्यांच्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे हवा तीच आणि नगही त्याच प्रमाणकाचे. कटंगी ज्या मध्य प्रदेश पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीच्या हद्दीत येते तिलाही हाच अनुभव चुकत नाही. तडकलेल्या नगातून वीज खांबात उतरते, फीडर ट्रिप होतो. लाइनमन एबी स्विच उघडून वाहिनीचे तुकडे करतो, एकेक तुकडा चार्ज करून दोष कुठल्या भागात आहे ते हेरतो, परमिट घेऊन खांबावर चढतो आणि मेगरने नगाचा रोध मोजतो. फुटलेला नग सापडायला सोपा. पंक्चर झालेला अख्खा नग शोधायला रात्र जाते.

धूळ हे दुसरे कारण. खाणींच्या आणि खडीच्या रस्त्यांच्या आसपास नगांवर थर बसतो. कोरडा असेपर्यंत तो निरुपद्रवी असतो. हिवाळ्यातल्या पहाटेच्या दवाने ओला झाला की तो वीज वाहू देतो आणि क्रीपेजभर ठिणग्या धावतात. म्हणून प्रदूषणाच्या मानाने क्रीपेज वाढवतात: स्वच्छ भागात व्होल्टेजच्या दर केव्हीला १६ मिमी, तर अतिप्रदूषित भागात ३१ मिमी. भारतीय प्रमाणकात ११ केव्हीच्या नगाला साधारण वातावरणासाठी २३० मिमी आणि प्रदूषित वातावरणासाठी ३२० मिमी क्रीपेज आहे. रेल्वेही २५ केव्हीला प्रदूषित पट्ट्यांत क्रीपेज वाढवते. आकाशातली वीज आणि गलोलीचा दगड ही उरलेली दोन कारणे.

दगडाच्या उपद्रवामुळे आणि उत्तर भारतातल्या धुक्यामुळे सिलिकॉन रबराचे इन्सुलेटर वेगाने पुढे आले. त्यांचा गाभा काचतंतूंचा असतो, वजन पोर्सेलिनच्या माळेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतके आणि पृष्ठभागावर पाण्याचे थेंब सुटे राहतात. कडक काचेच्या थाळीचा फायदा वेगळा. ती बिघडली की चुरा होऊन पडते, म्हणजे दोष जमिनीवरून दिसतो. पोर्सेलिनला हे दोन्ही जमत नाही. पण रबर उन्हाने आणि ठिणग्यांनी म्हातारे होते आणि गाभ्यात ओल शिरली तर एकाएकी तुटते. चांगला भाजलेला पोर्सेलिनचा नग तीस-चाळीस वर्षे खांबावर काढतो आणि उन्हाने त्याचे काही बिघडत नाही. म्हणून उपकेंद्रांच्या पोस्टांत, बुशिंगांत आणि खेड्यापाड्यांच्या वाहिन्यांवर तो अजून टिकून आहे.

खरेदीदाराने दर पाहण्याआधी लॉटचा चाचणी-अहवाल पाहावा, कारण मातीच्या आत काय आहे ते खांबावर चढून कोणालाच पाहता येत नाही. बाकीच्यांनी एवढे पाळावे: नगावर दगड मारू नये, तुटका नग दिसला तर वीज कार्यालयाला कळवावे, आणि पावसाळ्यात खांबाला किंवा ताणाला हात लावू नये, गुरेही बांधू नयेत. नग आतून गेला असेल, तर तो खांब वरून निर्धोक दिसत असूनही जिवंत असू शकतो.